मिरजेहून चौकला, एका हातासाठी

मीरा-भाईंदरला आठ दिवस जाऊन आलो असं सांगितलं की मिरजेत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुणाचं लग्न होतं?" लग्न नव्हतं. मयतही नव्हती. तिकडे सहलीला कोणी जात नाही, आणि तिथले लोकही सहलीला दुसरीकडेच जातात. आम्ही तिथे एक यंत्र घेऊन गेलो होतो. ते परत आणलं, एवढं आधीच सांगून टाकतो, कारण कॉलेजच्या ऑफिसला फक्त तेवढ्यातच रस होता.

मी मिरजेच्या एका मेडिकल कॉलेजात तंत्रज्ञ आहे. आमच्या इनामदार मॅडम नसांच्या जुनाट दुखण्यावर अभ्यास करतात. जखम भरते, टाके निघतात, आणि तरी वर्षानुवर्षं आग होत राहते, असं दुखणं. त्यासाठी परदेशातल्या एका विद्यापीठाने स्वतःचं वापरून झालेलं लेसरचं यंत्र त्यांना दिलं होतं. त्यातून निघणारा उजेड डोळ्यांना दिसत नाही. कातडीवर तो क्षणभर पडला की तिथली बारीक नसांची टोकं जागी होतात आणि सुई टोचल्यासारखं वाटतं. ती टोचणी मेंदूपर्यंत पोचली की डोक्याला लावलेल्या तारांमधून पडद्यावर एक लाट उमटते. लाट आली म्हणजे वाट चालू आहे. नाही आली तर मध्ये कुठेतरी बिघाड आहे. यंत्र नीट चालतंय का हे बघायला दर वेळी पहिला हात माझा असतो. माझ्या डाव्या हाताचा जितका अभ्यास झालाय तितका मी स्वतः शाळेत केला नव्हता.

उत्तनजवळच्या चौक या कोळीवाड्यात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी मॅडमना पत्र पाठवलं होतं. माशांचे काटे आणि दोरखंड यांनी हात दुखावलेले पाच जण त्यांच्याकडे होते. पेशंट मिरजेला येणं शक्य नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मग आपण जाऊ. पाटोळे, यंत्र किती किलोचं आहे?"

मी खरं वजन सांगितलं. ती चूक झाली. मॅडमना ते फार वाटलं नाही.

रविवार, काशीगाव

हायवेवर काशीगावला टेम्पोने मान टाकली. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बॉनेट बंद केलं. एवढ्यावर त्याची तपासणी संपली. दुसरा टेम्पो येईपर्यंत मी खोक्यावर बसून राहिलो. खोक्यावर "काच, जपून" असं मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ते वाचून एक गृहस्थ थांबले.

"आरसे विकताय का?"

"नाही. दुखणं मोजायचं मशीन आहे."

त्यांनी जरा विचार केला. "माझे गुडघे दुखतात."

"ते मोजून झालेत. दुखतात हे तुम्हाला कळलंय ना?"

त्यांना हे पटलं. मलाही बोलल्यावर पटलं, आणि मग वाटलं, असं असेल तर आपण एवढ्या लांब का आलो? हा प्रश्न मला पुढे चार दिवस पुरला.

मुक्काम भाईंदर पश्चिमेला माझ्या मावसबहिणीकडे, सुनंदाताईकडे होता. मॅडमची सोय चौकच्या त्या डॉक्टरांकडे केली होती. ताई लग्नानंतर वीस वर्षं गिरगावात राहिली आणि मग मोठ्या घरासाठी इकडे आली. ती माझ्याशी मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि शेजारणीशी गुजरातीत बोलते, आणि तिन्ही भाषांमध्ये तिला राग सारखाच येतो. मिरजेत आम्ही एकाच भाषेत चार प्रकारे रागावतो. तिने थालीपीठ वाढलं आणि विचारलं, "चौकला? तिकडे लोक समुद्र बघायला जातात. तू काय बघणार?"

"हात."

"बरं," ती म्हणाली आणि लोणी वाढलं.

सोमवार, चौक

भाईंदरहून चौकची बस मुर्ध्यावरून जाते. मुर्ध्याला डावीकडे जुनी मिठागरं आणि उजवीकडे नव्या इमारतींचे सांगाडे. पुढे राई गाव, मग उतार, मग एकदम वास. माझ्यासारख्या देशावरच्या माणसाला तो वास आधी कळतो आणि समुद्र नंतर. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत घातले होते. आमच्याकडे पापड वाळत घातले की कोणीतरी राखण करायला बसतं. इथे एवढ्या बोंबलांना एकच म्हातारी होती, आणि ती झोपलेली होती. मांजरं मात्र शिस्तीत लांब बसली होती. नंतर कळलं, म्हातारी झोपत नाही.

मच्छीमार सोसायटीने त्यांची एक खोली दिली होती. खिडक्यांना काळे पडदे लावले. लेसर डोळ्यांना घातक, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाने गडद चष्मा घालायचा असतो. दुपारी चहाला आम्ही ते चष्मे न काढताच बाहेर आलो. टपरीवाल्याने दोन पावलं मागे जाऊन चहा बाकड्यावर ठेवला आणि पैसेही तिथेच ठेवायला सांगितले. संध्याकाळपर्यंत साऱ्या चौकात झालं की मिरजेच्या डॉक्टरांचे डोळे आलेत. दुसऱ्या दिवशीचे दोन पेशंट त्यामुळे आलेच नाहीत.

कार्मेलीनबाय मात्र आली. पन्नाशीची, उंच, काटक बाई. उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला, डाव्या हातात बर्फाचं पाणी भरलेला डबा. मागे तिचा नवरा पास्कोल, बोटीचा तांडेल म्हणजे कप्तान, हात मागे बांधून.

तिची हकीकत अशी. सहा वर्षांपूर्वी धक्क्यावर मासे निवडताना तिच्या पायाखालची फळी घसरली आणि ती शिंगाळ्यांनी भरलेल्या टोपलीवर पडली. शिंगाळा म्हणजे पाठीवर हाडासारखा टणक, विषारी काटा असलेला मासा. काटा तिच्या हातात मनगटाच्या वीतभर वर घुसला आणि आत मोडला. पू झाला, हात चिरला, महिन्याभराने जखम भरली. दुखणं तेव्हापासून होतं तसंच. पण ते जखमेच्या जागी नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोघांची आग होत होती. दिवसरात्र.

"कसं दुखतं?" मॅडमनी विचारलं.

"चुलीत हात हाय. आन बायेर काढायला गेले तं आख्खी चूल संगती येते."

मी फॉर्ममध्ये "दाहक" एवढंच लिहिलं. तेवढीच जागा होती.

पास्कोल पहिल्यांदा बोलला. "डाक्टरीनबाय, जखम कवाच बरी झाली. हाताला काय बी दिसत न्हाय. सगल्या डाक्टरांनी सांगलं, काय न्हाय. ही बर्फात हात घालून बसते. घरात पोरीचं लगीन हाय, पावने येतात, आन ही डबा घेऊन बसते."

कार्मेलीनबायने डब्यातलं पाणी फडक्यावर ओतलं. मग मॅडमकडे वळून शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी माजी दोन बोटं काढनार हायत. त्या आदी तुमाला काय बघायचं हाय ते बघा."

भाईंदरच्या एका सर्जनला तिनेच गळ घातली होती. तो सहा महिने नाही म्हणत होता. शेवटी तिने त्याला सांगितलं, तुम्ही नाही कापलीत तर घरात कोयता आहे. मग त्याने तारीख दिली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पाटोळे, आपण अभ्यासाला आलोय, उपचाराला नाही. कॉलेजला आपण तसं सही करून लिहून दिलंय." मी हो म्हटलं. ती सही माझ्यासमोरच झाली होती.

मंगळवार

डोक्याला तारा चिकटवायच्या तर केसांत तेल चालत नाही. कार्मेलीनबायच्या केसांत पन्नास वर्षांचं खोबरेल होतं. केस धुवून या, असं मी सांगितलं. एका हाताने ते कसं जमणार हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं, पण ती बोलली नाही. लग्न ठरलेली मुलगी कामाला गेली होती. शेवटी पास्कोलने सोसायटीच्या आवारातल्या नळाखाली तिला बसवलं आणि शाम्पूची पुडी दातांनी फाडली.

तांडेल बायकोचे केस धुतोय, हे बघायला गल्ली जमली. जाळी विणणारे चार जण जाळी तशीच टाकून आले. कोणीतरी ओरडलं, "पास्कोल, साबन डोल्यात घालू नको!" पास्कोलचा चेहरा भरतीत बोट सांभाळताना असावा तसा घट्ट होता. त्याने तीनदा केस धुतले. तिसऱ्यांदा गरज नव्हती. मी तसं सांगणार होतो, पण त्याचा हात आता सावकाश चालत होता आणि तिने डोळे मिटले होते, म्हणून मी यंत्राची वायर बघायला आत गेलो.

वायर ठीक होती. लाटा ठीक नव्हत्या. पडद्यावर सगळा केसाळ गोंधळ. माझ्या हातावर दहा वेळा उजेड सोडला, मला दहा वेळा टोचलं, पण पडद्याला ते मान्य नव्हतं. शोध घेता घेता भिंतीपलीकडे बर्फ बनवायच्या मशीनची मोटर सापडली. ती चालू असेपर्यंत तिच्या विजेपुढे मेंदूतलं काही दिसणं शक्य नव्हतं. मोटर बंद करा म्हटल्यावर सोसायटीचा माणूस माझ्याकडे मी समुद्र बाजूला घ्या म्हटल्यासारखा बघायला लागला.

"बोटी येनार हायत. बर्फ लागतो."

त्या दिवशी काहीच झालं नाही. धुतलेले केस घेऊन कार्मेलीनबाय घरी गेली. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

बुधवार

सकाळी मी पोचलो तेव्हा मोटर बंद होती. पास्कोल तिच्या स्विचपाशी स्टूल टाकून बसला होता. "अर्दा तास," तो म्हणाला. "सोसायटीला मी बघतो. करा काय ते."

त्याने हे का केलं, ते मी विचारलं नाही. बहुधा त्याला एकदाचं सिद्ध करून हवं होतं, की हाताला काही झालेलं नाही.

आधी डावा हात. लाल ठिपक्याने नेम धरायचा, मग न दिसणारा उजेड सोडायचा. "टुच," कार्मेलीनबाय म्हणाली. "टुच. टुच." दर वेळी जागा थोडी बदलायची, नाहीतर कातडी भाजते. पडद्यावर हळूहळू लाट उभी राहिली, सुरेख, पुस्तकात असते तशी.

मग उजवा. फडकं सोडलं. करंगळीच्या बाजूला पंजाच्या पाठीवर मी नेम धरला. उजेड सोडला.

ती गप्प.

पुन्हा सोडला. गप्प. यंत्र बंद पडलं की काय म्हणून मी माझ्या हातावर सोडून बघितला. मी "आई गं" म्हटलं. यंत्र चालू होतं.

"लागतंय का?" मॅडमनी विचारलं.

"काय लागतंय? नुसती आग होते. ती तं रोजची."

तीस वेळा उजेड पडला. पडद्यावर लाट नाही. सपाट रेघ. पास्कोल स्विचपाशी दुसऱ्याला बसवून आत आला होता, चष्मा घालून मागे उभा होता. तो सगळं बघत होता.

"बगा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "चांगल्या हाताला लागतं. ह्या हाताला लागत बी न्हाय. मंग दुखतंय काय? सहा वरसं मना सांगतेय दुखतंय, दुखतंय."

कार्मेलीनबायने मान खाली घातली. सहा वर्षं ज्या गोष्टीसाठी ती भांडली, ती तिच्याच हाताने, तिच्या नवऱ्यासमोर खोटी पाडली असं तिला वाटलं असावं. तिने ओलं फडकं पुन्हा गुंडाळायला घेतलं. एका हाताने गाठ बसेना. मी पुढे झालो तर तिने हात मागे घेतला.

मॅडम म्हणाल्या, "थांबा. पाटोळे, जखमेच्या वर."

अर्ध्या तासातली दहा मिनिटं उरली होती. मी व्रणाच्या वर, कोपराकडे नेम धरला. उजेड सोडला.

"टुच," कार्मेलीनबाय म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

तीस वेळा टुच. लाट उभी राहिली. व्रणाच्या वर लाट, व्रणाच्या खाली रेघ. मी दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर छापून ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पलीकडे मोटर सुरू झाली आणि पडदा पुन्हा केसाळ झाला.

मॅडमनी कागद पास्कोलपुढे सरकवले. "नस इथे तुटलीय. व्रणापाशी. म्हणून बाहेरचं काही आत पोचत नाही. पण तुटलेली नस गप्प बसत नाही. ती आपलीआपण मेंदूला खबर देत राहते, की बोटांना आग लागलीय. बोटांना काही झालेलं नाही. आग नसेत आहे. पण ती खरी आहे."

पास्कोलने कागद उचलले. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"बोटीवरच्या वायरलेससारकं," तो शेवटी म्हणाला. "किनाऱ्यावरचा मानूस ऐकू येत न्हाय. पन खरखर कान फाडते."

"तसंच," मॅडम म्हणाल्या.

"आन खरखर बंद करता येत न्हाय."

"कमी करता येते कधीकधी. बोटं कापून नाही. बोटं गेली तरी खरखर तिथेच राहणार."

ही उपचाराची गोष्ट होती. मॅडमनी ती बोलायची नव्हती. त्या बोलल्या, आणि मी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीला काळा पडदा होता, पण मी बघितलं.

पास्कोल अचानक खुर्चीत बसला आणि त्याने उजवी बाही वर केली. "मना मार."

"कशाला?"

"मार म्हंतो ना."

मॅडमनी मान हलवली. मी त्याच्या हातावर एकदाच उजेड सोडला. तीस वर्षं दोरखंड ओढलेला तो हात टेबलावरून वीतभर उडाला.

"किती येल लागला?" त्याने विचारलं.

"डोळ्याचं पातं लवतं त्याहून कमी."

त्याने हाताकडे बघितलं. मग चष्मा काढला. खोलीत चष्मा काढायचा नाही हा माझा नियम आहे आणि मी तो आयुष्यात कोणाला मोडू दिलेला नाही. मी यंत्राचं बटण बंद केलं. तो बायकोकडे बघत होता. तिने डब्यातलं पाणी फडक्यावर ओतायला घेतलं, तेव्हा त्याने तिच्या हातातून डबा घेतला आणि स्वतः ओतलं. पाणी फडक्यावर कमी आणि माझ्या कागदांवर जास्त पडलं. आजही त्या लाटेवर एक डाग आहे. मॅडम तो डाग दाखवून विद्यार्थ्यांना काही सांगत नाहीत. मी असतो तर सांगितलं असतं.

त्या दुपारी पास्कोलने आम्हाला घरी जेवायला नेलं. ओले बोंबील तव्यावर भाजलेले, तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण. बोंबील बिनकाट्याचा म्हणून मी बेसावध झालो आणि मांदेलीचा काटा घशात अडकवून घेतला. पास्कोलने मला सुक्या भाताचे तीन मोठे गोळे न चावता गिळायला लावले. तिसऱ्याला काटा गेला. मिरजेत कोणाच्या घशात काही अडकलं तर आम्ही पाठीत गुद्दे घालतो. भात बरा.

जेवताना कार्मेलीनबाय म्हणाली, "मंग शुक्रवारी काय सांगू त्यांना?"

सगळ्यांनी पास्कोलकडे बघितलं. तो भाकरी तोडत होता. "मी सांगतो," तो म्हणाला. "तू कशाला सांगते?"

गुरुवार

मॅडमनी सर्जनसाठी एक चिठ्ठी लिहिली आणि मुंबईतल्या नसांच्या एका डॉक्टरांसाठी दुसरी. दोन्ही चिठ्ठ्यांना लाटेच्या आणि रेघेच्या प्रती जोडल्या. मग मिरजेला कॉलेजसाठी तिसरी चिठ्ठी लिहिली, की अभ्यासादरम्यान मी पेशंटला सल्ला दिला, जो मी द्यायला नको होता. "हे कशाला?" मी म्हणालो. "तुम्ही नाही सांगितलं तर कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," त्या म्हणाल्या आणि पाकीट चिकटवलं.

उरलेल्या पेशंटांची तपासणी शनिवारपर्यंत आटोपली. आमचे डोळे आलेले नाहीत हे गावाला पटवण्यासाठी मी रोज सकाळी धक्क्यावर चष्म्याशिवाय उभा राहत होतो. सुनंदाताईने निघताना सुक्या बोंबलांची पिशवी दिली. तिच्या वासाने परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा मिरजेपर्यंत रिकामी राहिली, आणि मी आडवा होऊन आलो.

मिरज

कॉलेजने मॅडमना समज दिली. पत्र तीन ओळींचं होतं. मॅडमनी ते फाईलला लावलं.

मग तीनेक महिन्यांनी विभागातला फोन वाजला. तो मी उचलला. कार्मेलीनबाय होती. मुलीच्या मोबाईलवरून बोलत होती आणि मिरज लांब आहे म्हणून ओरडत होती. पलीकडे समुद्राचा की गर्दीचा, कसलातरी आवाज होता. मुलीचं लग्न झालं होतं. नसांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, मुळात दुसऱ्याच कुठल्यातरी आजारासाठी काढलेल्या. सुरुवातीला त्या गोळ्यांनी भलतीच झोप यायची. लग्नात ती चर्चमध्ये बाकावर बसल्या बसल्या झोपली, असं तिने ओरडून सांगितलं.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"हायत. दोन्ही हायत."

"दुखतंय का अजून?"

"हाय ना. आर्दं गेलं. आर्दं हाय. ते जाईल असं डाक्टर पन सांगत न्हाय."

मॅडम बाहेर गेल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडमना सांगतो."

"सांगा. आन हे पन सांगा." ती ओरडायची थांबली. "पास्कोल रोज इचारतो. बोटीवरनं आला की पयलं इचारतो, दुखतंय काय. मी सांगते, हाय. मंग तो गप बसतो."

"बरं."

"पयले पन गप बसायचा," ती म्हणाली. "पन ह्ये गप येगलं हाय."